पाच नंबरचं मीटर

पंप चालू होता. त्याची घरघर मीटर रूमच्या भिंतीतून ऐकू येत होती. तिन्ही फेजवर अकरा-अकरा अँपिअर करंट दिसत होता, व्होल्टेज व्यवस्थित होतं, आणि माझ्या फोनवर पॉवर मात्र शून्याच्या आसपास घुटमळत होती.

नाशिकच्या आमच्या ४८ घरांच्या सोसायटीत कॉमन मीटरचं बिल दर महिन्याला वाढत होतं आणि ते का वाढतं हे कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून वीज कंपनीच्या सीलबंद मीटरला हात न लावता, त्याच्या पुढे, आमच्या पॅनेलमध्ये मी पाच छोटी मीटरं बसवायला घेतली होती. एक सगळ्या कॉमन जोडणीवर, दुसरं पाण्याच्या पंपावर, तिसरं दोन्ही लिफ्टवर, चौथं जिन्याच्या आणि पार्किंगच्या दिव्यांवर, पाचवं गेट आणि वॉचमनच्या केबिनवर. पाचही एकाच दोनतारी केबलने जोडलेली, त्या केबलच्या टोकाला गेटवेची डबी, आणि तिथून वायफायने आकडे माझ्या छोट्या सर्व्हरवर. परवान्याचा वायरमन होता, मी होते, आणि प्लॅस्टिकच्या स्टुलावर मामा होते. उभं आयुष्य मीटर टेस्टिंगमध्ये काढून निवृत्त झालेल्या मामांना आईने मुद्दाम धाडलं होतं, कारण पोरगी पॅनेल उघडून बसते म्हटल्यावर तिला झोप लागेना.

मामा : करंट आहे, व्होल्टेज आहे आणि पॉवर नाही. याचा अर्थ काय?

मी : मीटरच खराब आलंय. उद्या बदलून मागवते.

मामा : मीटर खरं बोलतंय गं. तूच त्याला भलतं काही सांगते आहेस. आरच्या तारेवरचा सीटी वायच्या जागी गेलाय आणि वायचा आरच्या. बघ एकदा.

मी बघितलं. तसंच होतं.

हे जरा उलगडून सांगायला हवं, कारण मीटर जोडणाऱ्यांच्या हातून ते कधी ना कधी होतं. सीटी म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर, तारेतला करंट मीटरला कळवणारं कडं; आर, वाय आणि बी ही तीन फेजची नावं. तीन फेजच्या लाटा एकमेकींच्या मागे एक-तृतीयांश फेऱ्याने धावतात. मीटर प्रत्येक फेजचं व्होल्टेज आणि त्याच फेजचा करंट यांचा क्षणाक्षणाचा गुणाकार करतं आणि तिघांची बेरीज दाखवतं. दोन सीटींची अदलाबदल झाली की त्या दोन फेज मिळून जेवढी उलटी पॉवर दाखवतात, तेवढीच तिसरी फेज सुलटी दाखवते. पंपासारखा तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर बेरीज शून्य. साडेसात हॉर्सपॉवरचा पंप पाणी वर चढवतोय आणि मीटर म्हणतंय, काहीच चाललेलं नाही.

मामा : शून्य आलं हे नशीब समज. शून्य डोळ्यांत सलतं, माणूस शोधायला लागतो. एकच सीटी उलटा बसला असता तर काय आलं असतं?

मी : दोन अधिक, एक उणे. एक-तृतीयांश.

मामा : आणि ते तू खरं मानलं असतंस. वरून सगळ्यांना सांगितलं असतंस की पंप फार कमी वीज खातो. एक-तृतीयांश मोजणारी मीटरं महिनोन्‌महिने चालू राहिलेली मी पाहिली आहेत. आकडा येतोय ना, मग बरोबरच असणार, असं सगळे धरून चालतात.

मी : म्हणून तर हे नेटवर्कवर हवं, मामा. पूर्वी महिन्यातून एकदा कोणी तरी येऊन आकडा लिहून नेई. आता दर दहा सेकंदांनी दिसतो. चूक लवकर पकडली जाते.

मामा : दहा सेकंदांनी चुकीचा आकडा दिसला तर चूक दिवसाला ८,६४० वेळा दिसेल. पकडली जाईल असं कुठे आहे?

त्यांचा तो हिशेब मी मनातल्या मनात ताडून पाहिला. बरोबर होता.

मेन खाली करून जोडणी दुरुस्त करायला घेतली, तेव्हा मामा स्टुलावरून उठले. सीटीची दुय्यम तार सोडण्याआधी शॉर्टिंग लिंक, म्हणजे दुय्यम बाजूची टोकं जोडून ठेवणारी पट्टी, लावली का, हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मुख्य तारेतून करंट वाहत असताना सीटीची दुय्यम बाजू उघडी राहिली की तिथे माणूस मारण्याइतकं व्होल्टेज तयार होऊ शकतं. मेन बंद होता, तरी ते म्हणाले, सवय मेन बंद असतानाच लागते. वायरमनने मान डोलावली. वादाचा मुद्दाच नव्हता तो.

वाद झाला तो ताळा घेण्यावरून. माझ्या फोनवर आता ६.३८ किलोवॉट दिसत होते. माझं समाधान झालं होतं. मामांचं नव्हतं.

मामा : हा आकडा बरोबर कशावरून?

मी : मीटर क्लास वनचं आहे. म्हणजे एक टक्क्याच्या आत चूक. कारखान्यातून तपासून आलंय.

मामा : कारखान्यातून मीटर तपासून आलं. तुझे सीटी, तुझ्या तारा, तुझं प्रमाण, ते कुठे तपासलंय? पन्नासला पाचचा सीटी लावून तू मीटरमध्ये शंभरला पाच भरलं असशील तर?

मग त्यांनी जे केलं ते मी माझ्या पुस्तकी शिक्षणात कधी पाहिलं नव्हतं. दुपारी दोनची वेळ निवडली, लिफ्टला दहा मिनिटांची पाटी लावली, दिवे बंद, केबिन बंद, फक्त पंप चालू. आणि ते वीज कंपनीच्या सीलबंद मीटरसमोर मनगटावरचं घड्याळ काढून उभे राहिले. त्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि पट्टीवर एक संख्या छापलेली असते. आमच्या मीटरवर ८०० होती : आठशे लुकलुकी म्हणजे एक युनिट. मामांनी शंभर मोजल्या. सत्तर सेकंद लागले. शंभर लुकलुकी म्हणजे युनिटचा आठवा हिस्सा. तो सत्तर सेकंदांत गेला, तर तासाला साधारण ६.४ युनिट. म्हणजे ६.४ किलोवॉट.

मामा : आता मानतो. दोन साक्षीदार एकमेकांना न विचारता एकच सांगतायत.

पूर्वी दिव्याच्या जागी ॲल्युमिनियमची चकती फिरायची आणि तिच्या कडेला काळी खूण असायची. तशी चकती फिरवणारं मीटर बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातल्या ओटो ब्लाथींनी १८८९ मध्ये केलं, आणि पुढची शंभर वर्षं जगभरच्या घरांत त्याच जातीची मीटरं फिरत राहिली. मामांच्या हाताला तिची लय अजून आहे. शंभर मोजताना त्यांची तर्जनी मांडीवर ठेका धरत होती.

खरं सांगायचं तर सकाळपासून मी दुसऱ्याच दोन अडचणींशी झगडत होते आणि मामांना त्यांत रस नव्हता. पाचही मीटरं कारखान्यातून एकाच पत्त्यासह, एक नंबर घेऊन, आली होती. एका तारेवर पाच जण एकाच नावाला ओ देऊ लागले तर कोणाचंच ऐकू येत नाही, म्हणून एकेक चालू करून प्रत्येकाला वेगळा पत्ता द्यावा लागला. दुसरी अडचण आकड्यांची. दशांशाचा आकडा मीटर दोन तुकड्यांत पाठवतं आणि कुठला तुकडा आधी हे प्रत्येक बनवणारा स्वतःच्या मर्जीने ठरवतो. तुकडे उलटे जोडले गेले तेव्हा २३१ व्होल्टच्या जागी मला कधी शून्याला चिकटलेला आकडा दिसे, कधी एकोणीस अंकी. मीटरांची ही भाषा, मॉडबस, मॉडिकॉन कंपनीने १९७९ मध्ये कारखान्यांतल्या यंत्रांसाठी तयार केली. इतकी साधी आहे की अजून जात नाही. केबलही तशीच शिस्तीची : एका मीटरवरून दुसऱ्यावर माळेसारखी न्यायची, फांद्या फोडायच्या नाहीत, लांब असेल तर दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध लावायचे, आणि पॉवरच्या केबलला चिकटून न्यायची नाही.

पुढचे दोन रविवार मामा येत राहिले. आकडे आता येत होते आणि आमचे वाद जास्तच रंगत होते.

मामा : मला एक सांग. बिल महिन्याचं येतं. मग महिन्याचं रीडिंग पुरेसं का नाही? पाच मीटरं, पाच आकडे, वहीत लिहायचे. संपलं.

मी : गेल्या उन्हाळ्यात पंप जळला, आठवतं? खालची टाकी रिकामी, पंप कोरडा फिरत राहिला. सील गेलं, मोटर रिवाइंड करावी लागली, तीन दिवस टँकर. पाणी उचलणारा पंप ६.४ किलोवॉट घेतो. पाणी संपलं की त्याला ओझंच राहत नाही, पॉवर झपकन उतरते. ही उतरण मिनिटाभरात दिसते आणि पंप बंद करता येतो. महिन्याच्या आकड्यात तर उलट तो दिवस शहाणा दिसेल, वीज कमी लागली म्हणून!

मामा गप्प राहिले. मग म्हणाले, हे मला पटलं. पटलं की ते तसं सांगतात, हा त्यांचा मोठा गुण.

मी : आणि लिफ्ट. रात्री दोन ते चार एकही माणूस चढत-उतरत नाही, तरी दोन्ही लिफ्ट मिळून दोनशे वॅट घेतात. आतले पंखे आणि दिवे रात्रभर चालू. चोवीस तास, तीस दिवस : १४४ युनिट. रिकाम्या पेटीला वारा घालण्यासाठी. वहीतल्या आकड्यात हे वेगळं निघालं असतं का?

मामा : नसतं निघालं. पण परवा दुपारी तुझ्या आलेखात पंपाची पॉवर दोन तास शून्य होती. पाणी तर येत होतं.

मी : ते राउटर बंद पडलं होतं. मीटर मोजत होतंच. त्याच्या आतला युनिटचा आकडा पुढे सरकलेला होता, त्यामुळे एकूण हिशेब चुकला नाही.

मामा : हिशेब नाही चुकला. चित्र चुकलं. आमच्या वेळी दाराला कुलूप असलं तर रीडिंगच्या रकान्यात आम्ही शून्य लिहायचो नाही. ‘कुलूप’ लिहायचो. शून्य म्हणजे घरात कोणी वीज वापरली नाही. कुलूप म्हणजे मला माहीत नाही. या दोन गोष्टी तुझ्या आलेखात एकच रेघ होऊन बसल्यायत.

त्या रात्री मी आलेखाचं काम पुन्हा केलं. आकडा आला नाही तिथे रेघ तुटेल, खाली शून्यावर जाणार नाही. युनिटचा हिशेब मीटरच्या स्वतःच्या साठ्यातून घ्यायचा, मी गोळा केलेल्या पॉवरच्या आकड्यांची बेरीज करून नाही. नेट जाईल, वीज जाईल, सर्व्हर झोपेल. मीटरचा साठा तेवढा खरा. यातलं काही मी कॉलेजात शिकले नव्हते असं नाही. पण ‘कुलूप’ या एका शब्दाने ते माझ्या अंगात उतरलं.

यानंतर जे घडलं ते लिहिणं सोपं नाही, पण तेच सांगण्यासाठी हा लेख आहे.

माझ्या फोनवरचा आलेख भारतीय वेळ दाखवायचा. पण दर सोमवारी कमिटीला आपोआप जाणारा तक्ता सर्व्हरच्या वेळेत तयार होत होता आणि ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. पहिल्याच तक्त्यात कमिटीतल्या एकांना दिसलं : पंप रोज रात्री साडेबाराला सुरू होतो. मध्यरात्री पंप? त्यांनी वॉचमनकाकांना सर्वांसमोर बोलावलं. रात्री झोपता आणि झोपण्याआधी पंप लावून मोकळे होता, म्हणून बोल लावला. काका सुरगाण्याकडचे, आमच्याकडे अकरा वर्षं आहेत. ते एवढंच म्हणाले की पंप मी सकाळी सहाला लावतो, नळाला पाणी आल्यावर. उत्तर मिळालं : मशीन खोटं बोलत नाही.

मला संध्याकाळी कळलं. मामा घरीच होते.

मामा : साडेबाराच? रोज? मिनिटाचाही फरक नाही?

मी : दोन-चार मिनिटं इकडेतिकडे.

मामा : सहातून साडेबारा वजा कर. किती उरतात?

साडेपाच तास. ग्रीनिच आणि आपल्या घड्याळातलं अंतर. मला घाम फुटला. मी रातोरात तक्ता दुरुस्त केला, सकाळी कमिटीला लिहिलं, आणि काकांच्या केबिनमध्ये जाऊन माफी मागितली. ते ‘असू द्या ताई’ म्हणाले. सर्वांसमोर लावलेला बोल मात्र सर्वांसमोर कोणी परत घेतला नाही. मी तसा आग्रह धरला तेव्हा विषय बदलला गेला. पुढच्या सभेत मी तो पुन्हा काढला आणि चूक माझ्या तक्त्याची होती हे उभं राहून सांगितलं. ते आधीच व्हायला हवं होतं.

त्या सभेनंतर आम्ही दोघं गच्चीत बसलो होतो.

मामा : मीटर नेटवर्कवर गेलं की आकडा त्याच्या जागेवरून उठतो. मी मीटरसमोर उभा राहून रीडिंग घ्यायचो तेव्हा समोर घर दिसायचं, माणूस दिसायचा. म्हातारी एकटी आहे, घरात बाळंतीण आहे, गिरणी आठ दिवस बंद होती. तुझ्या तक्त्यात ते काहीच येत नाही. नुसता आकडा येतो, आणि तो ज्याच्या हातात पडतो तो त्याला हवा तो अर्थ लावतो.

मी : पण न मोजता काय होत होतं? बिल वाढलं की सगळे पहिल्यांदा वॉचमनवरच संशय घ्यायचे. केबिनमध्ये हीटर असेल, पंखा असेल. आता माझ्याकडे पाच नंबरचं मीटर आहे. पहाटे पावणेपाचला वीस मिनिटं दीड किलोवॉट जातात. अंघोळीच्या पाण्याची कॉइल. रोजचं अर्धं युनिट, महिन्याला पंधरा. लिफ्टच्या रिकाम्या पंख्या-दिव्यांचे १४४. हे मी दाखवू शकते. आकडा काकांच्या बाजूने साक्ष देतो, मामा.

मामा : दाखवलंस का?

मी : दाखवलं.

मामा : मग कमिटी कशावर बोलली?

मी काही बोलले नाही. लिफ्टवर दोन मिनिटं चर्चा झाली होती, कॉइलवर वीस.

मामा : बघ. नाशकात जानेवारीत पहाटे पाचला थंड पाण्याने अंघोळ करून गेटवर उभं राहून दाखवावं कोणीतरी. तो माणूस कधी उठतो, कधी अंघोळ करतो हे आता ४८ घरांना माहीत झालं. त्याने तुला विचारलं होतं का, माझं मोजा म्हणून?

इथे मला त्यांच्या बाजूचा पुरावा माझ्याच पोतडीतून काढून द्यावा लागला, कारण तो लपवणं मला जमलं नसतं. अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात एक पद्धत विकसित केली. घराच्या एकाच मीटरवरून, पॉवरच्या पायऱ्या बघून, फ्रिज कधी लागला, हीटर कधी बंद झाला हे ओळखायचं. घरात पाऊलही न टाकता. आणि याच हार्टनी १९८९ मध्ये आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संस्थेच्या ‘तंत्रज्ञान आणि समाज’ या विषयाच्या मासिकात लेख लिहून बजावलं की ही पद्धत लोकांवर पाळत ठेवायला वापरली जाऊ शकते.

मामा : ज्याने शोधलं त्यानेच?

मी : त्यानेच. आणि नेदरलँड्समध्ये प्रत्येक घरात स्मार्ट मीटर सक्तीने बसवण्याचा कायदा २००९ मध्ये तिथल्या वरिष्ठ सभागृहाने अडवला. घरातल्या खाजगी आयुष्याचं काय, हाच प्रश्न होता. नंतर सक्ती निघाली, नको असेल त्याला नाही म्हणायची मुभा आली.

मामा : आणि आपल्याकडे?

मी : केंद्राने २०२१ मध्ये योजना आणली, २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरांचं उद्दिष्ट. दिवसभराची थोड्याथोड्या वेळाची नोंद. त्यात फायदाही आहे. दिवसा ऊन असताना वीज स्वस्त, संध्याकाळी महाग, असा दर लावायचा तर कधी वापरली हे कळायलाच हवं.

मामा : म्हणजे देशभर घरोघरी पाच नंबरचं मीटर.

मी : थांबा, मामा. पुण्यात प्रयास संस्थेचा ऊर्जा गट आहे. त्यांनी काय केलं ऐका. निरनिराळ्या राज्यांत लोकांच्या घरी छोटी यंत्रं ठेवली. यंत्र दर मिनिटाचं व्होल्टेज नोंदवायचं आणि मोबाइलच्या नेटवर्कवरून सर्व्हरला पाठवायचं. वीज किती तास नव्हती, कधी व्होल्टेज इतकं पडलं की पंखाही फिरेना, सगळं सर्वांना पाहता येईल असं खुलं केलं. कागदावर वीज अठरा तास असेल, यंत्र सांगेल खरी किती होती. खेड्यातल्या बाईला पुरवठा करणाऱ्यासमोर ठेवायला पुरावा मिळाला. हेही नेटवर्कवरचं मोजमापच आहे. ते मोजू नका म्हणाल का?

मामा बराच वेळ नाशिकरोडच्या दिशेच्या दिव्यांकडे पाहत राहिले.

मामा : नाही म्हणणार. तिथे खालचा माणूस वरच्याला मोजतो. आपल्या गेटवर उलटं झालं.

मी : ऑक्सफर्डच्या सारा डार्बी यांनी २००६ मध्ये कितीतरी प्रयोगांचा आढावा घेतला. वापर समोर दिसत राहिला तर लोक पाच ते पंधरा टक्के वीज वाचवतात.

मामा : कोणाचा वापर कोणाला दिसल्यावर?

मी : स्वतःचा स्वतःला.

हे उत्तर देताना मलाच ते नव्याने ऐकू आलं. माझा सगळा खटाटोप या दोन शब्दांवर उभा होता आणि पाच नंबरच्या बाबतीत मी नेमका तोच भाग सोडला होता. काकांच्या आकड्याचा तक्ता सगळ्या कमिटीला जात होता. काकांना जात नव्हता.

मामांनी पुढचा प्रश्न विचारला : हे आकडे बाहेरचं कोणी वाचू शकेल का? मी खरं ते सांगितलं. मॉडबसला कुलूपच नाही. पासवर्ड नाही, ओळख विचारणं नाही. तारेवर जो विचारेल त्याला मीटर उत्तर देतं. १९७९ मध्ये ती तार कारखान्याच्या भिंतीबाहेर जाईल असं कोणाला वाटलं नव्हतं. म्हणून ती थेट इंटरनेटवर उघडायची नसते. मी गेटवेला वेगळ्या नेटवर्कवर टाकलं, कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला आणि बाहेरून येणारी वाट बंद केली. सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड निम्म्या पार्किंगला पाठ असतो. मीटर त्यावर ठेवणं हा माझा पहिला आळस होता.

राहिला प्रश्न पाच नंबरचा. मामांचं म्हणणं, काढून टाक. मी तयार नव्हते. गेटचे दिवे, गेटची मोटर, कॅमेरे, हे सगळं त्याच जोडणीवर आहे आणि ते मोजल्याशिवाय एकूण हिशेब जुळत नाही. एक नंबरच्या मीटरमधून बाकी चार वजा केले तर उरणारा आकडा शून्याजवळ यायला हवा. तो वाढला की कुठे तरी गळती किंवा चोरटी जोडणी आहे असं समजतं. त्या ताळ्यासाठी पाच नंबर हवंच. शेवटी आम्ही असं केलं : पंप आणि लिफ्टची नोंद दहा सेकंदांची, दिव्यांची मिनिटाची, पाच नंबरची महिन्यातून एकच, युनिटची. मधले आकडे साठवायचेच नाहीत, कारण साठवलेलं कधी ना कधी कोणी उघडतं. मामांना हे पूर्ण पटलेलं नाही. मलाही नाही; पहाटे गेटची मोटर अडकली तर आता मला कळणार नाही. पण काकांना कळेल, ते तिथेच असतात.

पुढच्या रविवारी मामा दोनशे पानी वही घेऊन आले. प्रत्येक मीटरला एक पान. मीटर क्रमांक, सीटीचं प्रमाण, बसवल्याची तारीख, सुरुवातीचं रीडिंग, ताळा घेतल्याची वेळ, बसवणाऱ्याची सही, ग्राहकाची सही. पहिल्या चार पानांवर सेक्रेटरींनी सह्या केल्या. पाचवं पान घेऊन मामा स्वतः केबिनमध्ये गेले.

“माझी सही कशाला?” काका म्हणाले. “बिल तर सोसायटी भरते.”

“वीज कोण वापरतं?” मामांनी विचारलं. “नवीन मीटर लावलं की वापरणाऱ्याची सही घ्यायची असते. आणि रीडिंग आधी त्याला दाखवायचं. बघा, किती आहे?”

काकांनी हात पुसले, चष्मा लावला, मीटरजवळ जाऊन आकडा वाचला, वहीतल्या आकड्याशी ताडला आणि सही केली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “ताई, त्या पंपाचं पण दिसतं का तुमच्या फोनमध्ये? दाखवा की.”

मी आठवड्याचा आलेख उघडला. सहाला वर चढणारी रेघ ते बोटाने मोजत गेले आणि रविवारवर थांबले.

“हा जास्त चाललाय. अर्धा तास.”

मला तो अर्धा तास दोन आठवडे दिसत होता. मी टाकीच्या व्हॉल्व्हवर संशय धरून प्लंबरला बोलावून ठेवलं होतं.

“प्लंबर नका आणू,” काका म्हणाले. “रविवारी सकाळी पार्किंगमध्ये पाइप लावून गाड्या धुतात सगळे. कोण कोण ते विचारू नका.”

मी विचारलं नाही. प्लंबरला नको म्हणून कळवलं.